कसाला उतरलेला गेम

विट्यात मी ज्या घरात भाड्याने राहत होतो तिथे बेसिन होतं, नळ होता, नळाला पाणीही होतं. तरी हात धुवायचे ते अंगणातल्या बादलीतच, असा मालकांचा नियम होता. बादली भरली की तिचं पाणी ओतायचं नाही. ते निवळू द्यायचं, वरचं हलक्या हाताने काढायचं आणि तळाचा गाळ कोपऱ्यातल्या पिंपात जमा करायचा. मालकांचा जन्म परमुलखात सोन्याच्या गलाईत गेला होता. सराफांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. त्या धंद्यात हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकत नाहीत, कारण त्यात सोन्याचे कण असतात.

"मालक, मी बँकेत नोकरी करतो. माझ्या हाताला फार तर शिक्क्याची शाई लागते," मी एकदा म्हणालो.

"असूद्या की सायेब. धुतलेलं टाकायचं न्हाई, ही सवय हाय. सवय मोडली की तूट."

तूट हा मालकांचा लाडका शब्द होता. सोनं वितळवलं की वजन थोडं घटतं, ती तूट. पण मालक ती सगळ्या जगाला लावत. रात्री डास चावले तर झोपेत तूट. एखाद्या लग्नाहून आले की म्हणत, "जेवनात तूट न्हवती, पर भाषनात लय व्हती." वाईहून माझी आत्या चार दिवस राहायला आली आणि सकाळ-संध्याकाळ बोलत राहिली. ती गेल्यावर मालक गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या आत्याचं बोलनं लय शुद्ध. ऐकन्यात तेवडी तूट हाय." आमच्या घरात चाळीस वर्षांत हे म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

रोज संध्याकाळी ते अंगण झाडत आणि केर पोत्यात भरून ठेवत. गलाईच्या दुकानातला केर जाळून त्यातूनही सोनं काढतात. आमच्या अंगणातल्या केरात चिंचेचा पाला आणि शेजारच्या कोंबडीची पिसं असत, पण मालकांना ते पटत नसे. घंटागाडी गाणं वाजवत आली की ते फाटकात आडवे उभे राहत. पुढे पुढे गाडीवाला आमच्या दारापुरतं गाणं बंद करून निघून जाऊ लागला.

आणि तिसरी गोष्ट आगीची. पेटलेल्या आगीवरून नजर काढायची नाही, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. भट्टीपुढे बसून बसून डोळे तसेच झाले होते म्हणा. गॅसवर दूध ठेवलं की हे उंबऱ्यात उभे. उदबत्ती लावली की ती विझेपर्यंत देवापुढे बसून, आणि ती भक्ती नव्हे. त्यांच्या पुतणीच्या लग्नातला एक फोटो भिंतीवर होता. त्यात नवरा-नवरीसकट सगळं गणगोत कॅमेऱ्याकडे बघून हसतंय आणि मालक एकटे होमाकडे बघताहेत.

या माणसाने एक दिवस गेम खेळायचं यंत्र विकत आणलं. ते का आणलं हे कळायला आधी काकी कळायला हव्यात.

काकी म्हणजे मालकांची बायको. मालक तीसेक वर्षं तमिळनाडूत आणि काकी विट्यात, असा त्यांचा संसार. दिवाळीला आठ दिवस आणि गावच्या जत्रेला चार दिवस मालक यायचे. बाकी ऊस, म्हशी, दोन मुलींची शाळा आणि लग्नं, सासूचं आजारपण, सगळं काकींनी एकटीने निभावलं. विट्याच्या निम्म्या घरांत हीच कथा, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं. पंचाईत झाली ती मालक दुकान भाच्याच्या हवाली करून कायमचे परत आले तेव्हा. आता दोघं एका घरात आणि बोलायचं काय, हे दोघांनाही माहीत नाही. दोघंही भलतेच अदबशीर. पाहुणा आणि यजमान असावेत तसे ओट्याच्या दोन टोकांना बसायचे आणि मध्ये मला बसवायचे.

"सायेब, त्यांस्नी इचारा, चा अजून घेनार का," काकी म्हणायच्या. मालक माझ्यापासून हातभर अंतरावर.

"त्यांस्नी म्हनावं, नगं," मालक मला सांगायचे.

मी काकींकडे वळून म्हणायचो, "नको म्हणतात."

"ऐकलं मी," काकी म्हणायच्या आणि कप उचलायच्या.

पहिले काही दिवस मला याची गंमत वाटली. मग कंटाळा आला. बँकेत दिवसभर दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच.

मालकांची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली होती. परत येऊन कित्येक महिने झाले तरी ती रिकामी केलेली नव्हती. सदरा तिच्यातून काढायचा, घालायचा, धुऊन वाळवून पुन्हा तिच्यातच ठेवायचा. कपाटात काकींनी एक खण मोकळा करून ठेवला होता, तो तसाच. त्यातच भाच्याचे फोन सुरू झाले. "मामा, दसरा झाला की या. भट्टीवर तुमच्यासारखं बसनारं हितं कुनी न्हाई." मालक "सरी, सरी" म्हणायचे. सरी म्हणजे तिकडच्या भाषेत बरं.

एकदा हे बोलणं काकींनी दारातून ऐकलं. त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, "सायेब, जानार असतील तर आदी सांगा म्हनावं. मी डाळ त्या हिशोबानं भरते." एवढं बोलून आत गेल्या, पण आत जाताना त्यांनी पदर डोळ्याला लावला. मला फार वाईट वाटलं. ते मालकांना कसं पोचवायचं, हे काही मला सुचलं नाही. मी फक्त डाळीचं सांगितलं.

त्यावर मालकांनी मला गाडीतली गोष्ट सांगितली. परत येताना मिरजेपर्यंत त्यांच्यासमोर एक नवं जोडपं होतं. त्यांच्याकडे पाटीएवढं एक यंत्र होतं. त्याचे दोन्ही बाजूंचे दांडे निघायचे, एक नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या. मिरज येईस्तोवर ती दोघं खेळत होती आणि भांडत होती.

"सायेब, ती पोरगी नवऱ्याला गाढवा म्हनली. आन त्यो हसला! माज्यासंगं एवड्या वर्सांत कुनी तसं भांडलं न्हाई बगा. मालक म्हनत्यात, शेट म्हनत्यात, मामा म्हनत्यात. घरात तर काईच म्हनत न्हाईत." मग जरा पुढे सरकून म्हणाले, "तसलं मशीन घ्यायचं. दसऱ्याच्या आत मंडळी माज्याशी बोलल्या तर मी हितंच. न्हाई तर भट्टी बरी."

यंत्र सांगलीत मिळालं. ते घेताना मालकांनी काही त्रास दिला नाही, तो त्यांनी गेमसाठी राखून ठेवला होता. दुकानदार दाढी राखलेला, सालस गृहस्थ होता. "पहिला गेम कुठला देऊ?" असं त्याने विचारलं.

"पैला गेम असा तसा न्हाई घ्यायचा," मालक म्हणाले. "सोनं बी कस लावल्याबिगर घेत न्हाई आमी. लावून दाखवा."

दुकानदाराने सगळ्यात खपणारा गेम लावला. त्यात एक गोटीबंद माणूस उड्या मारत पळतो आणि हवेत लटकलेली सोन्याची नाणी गोळा करतो. मालकांची बोटं पहिल्यांदा अडखळली, पण लवकरच तो माणूस चांगला पळू लागला. मग माझ्या लक्षात आलं की तो एकही नाणं घेत नाही. नाणं दिसलं की मालक त्याला खाली वाकवून पलीकडे नेत. एका ठिकाणी नाण्यांची रांगच होती. ती चुकवताना माणूस दरीत पडून मेला.

"काका, नाणी घ्यायची असतात. त्याचे गुण मिळतात," दुकानदार म्हणाला.

"कुनाची हायती?"

"म्हणजे?"

"सोनं रस्त्यावर टांगलंय. राखन न्हाई, पावती न्हाई. मालकाचा पत्ता न्हाई. आवं, चोरीचं सोनं हाय ह्ये! उद्या पोलीस आलं तर मी काय सांगू? खेळत व्हतो म्हनून?"

गलाईवाल्याला जगात एकाच गोष्टीचं भय असतं, ते म्हणजे नकळत चोरीचं सोनं घेतलं जाण्याचं. मी दुकानदाराला हे समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, पण जरा मागे सरकून बसला. मालकांनी एकही नाणं न उचलता पहिला मुक्काम गाठला. गुण शून्य. "तूट न्हाई," ते समाधानाने म्हणाले आणि तो गेम परत दिला.

अखेर दुकानदाराशी असं ठरलं की जुन्यातला एकेक गेम घरी न्यायचा, लावून बघायचा आणि नाही पटला तर पुढच्या रविवारी बदलून घ्यायचा. मोटारसायकल माझी. मागे बसून मालक तासगावपर्यंत गेमच्या भेसळीबद्दल बोलत असायचे.

पहिल्या रविवारी मोटारींच्या शर्यतीचा गेम आणला. ओट्यावर स्टुलावर यंत्र उभं केलं. काकी लांब बसून तांदूळ निवडत होत्या, पण डोळे इकडेच. मालकांनी गाडी भरधाव सोडली. तिसऱ्या वळणावर काकींनी तोंडाला पदर लावला. काकींना एसटी लागते, हे घरात मुलींना माहीत होतं, म्हशींनाही माहीत असावं. मालकांना नव्हतं. "सायेब, त्यांस्नी म्हनावं, गाडी थांबवा," काकी कशाबशा म्हणाल्या. मी मालकांना सांगेपर्यंत उशीर झाला होता. त्या रात्री काकी लिंबू हुंगत झोपल्या.

दुसऱ्या रविवारी मारामारीचा आणला. त्यात दोन पैलवान समोरासमोर येऊन एकमेकांना बडवतात. मी काकींची मनधरणी करून एक दांडा त्यांच्या हातात दिला. खेळ सुरू झाला. मालकांचा पैलवान उभा, काकींचा पैलवान उभा. कुणीच हात उचलेना.

"मारा की, मालक!"

"मंडळीवर हात उचलायचा? आमच्यात तसली रीत न्हाई."

"काकी, तुम्ही तरी मारा."

"अगं बया, घरधन्याला?"

वेळ संपेपर्यंत ते दोन आडदांड पैलवान एकमेकांपुढे छाती फुगवून आणि श्वास घेत उभे राहिले, अगदी या दोघांसारखे अदबीने. शेवटी यंत्रानेच बरोबरी जाहीर केली. सांगलीत हे ऐकून दुकानदार म्हणाला, असा निकाल लागतो हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिसरा गेम शेतीचा. ही निवड माझी, आणि मला तिचा अभिमान होता. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, कोंबड्या पाळायच्या, मागे मंद संगीत. काकी शेतकरीण, त्यांना आवडणारच. काकी जवळ आल्या, वाकून बघितलं. पडद्यावर एक बाई टोपी घालून मुळ्यांना पाणी घालत होती. मालक उत्साहाने मला म्हणाले, "त्यांस्नी म्हनावं, ह्या वावरात मी बी येतो पानी पाजायला."

काकी सरळ झाल्या. "सायेब, त्यांस्नी म्हनावं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज बदलला, "लाइट रातची यायची तवा एकलीनं पान्याची बारी धरली मी. पायाखाली इचू असायचा. तवा वावरात कुनी आलं न्हाई. आता बोटानं पानी पाजायला नगं म्हनावं."

त्या आत निघून गेल्या. हे मालकांना सांगायची गरज नव्हती. ते मान खाली घालून बसले होते आणि पडद्यावरचे मुळे पाण्याविना सुकत होते. मला माझ्या निवडीची लाज वाटली. मग मालक म्हणाले, "परत करून टाकू मशीन. दसरा आलाच हाय."

चौथ्या रविवारी आम्ही सांगलीला गेलो ते यंत्र विकायलाच. दुकानदाराने यंत्र पुसलं, उलटसुलट केलं. फळीवर एक गेम एकटाच बाजूला पडलेला मला दिसला, म्हणून विचारलं, हा कसला?

"तो नका नेऊ," दुकानदार म्हणाला. "स्वयंपाकाचा आहे. दोघांनी मिळून हॉटेल चालवायचं. एकानं चिरायचं, एकानं शिजवायचं. गिऱ्हाईकं थांबत नाहीत. नवरा-बायकोत भांडणं होतात त्यानं. एक जोडपं परवाच परत देऊन गेलं."

मालकांनी मान वर केली. "भांडनं?"

"हो."

"खरोखरची?"

"अहो, दुकानात येऊनसुद्धा भांडत होती."

"ह्योच द्या," मालक म्हणाले. "बांधून द्या."

"लावून बघणार नाही?"

"कस लागलेला हाय ह्यो."

उभ्या जन्मात मालकांनी पारखल्याशिवाय घेतलेली ती एकच वस्तू असावी. परतीच्या वाटेवर त्यांनी भेसळीचं नावही काढलं नाही.

काकींना पुन्हा ओट्यावर आणायला मला फार कष्ट पडले. "शेवटचं बघा, मग यंत्र जाणार आहे," म्हणालो. यंत्र जाणार म्हणजे कोण जाणार, हे त्यांना कळत होतं. त्या येऊन बसल्या. पडदा लहान, त्यामुळे सगळ्यांना डोकी जवळ आणावी लागली.

गेम सुरू होताच गिऱ्हाईकं ओरडायला लागली. मालकांचा आचारी कांदा घेऊन उगाच गोल फिरत होता. काकींना ते बघवेना.

"सायेब, त्यांस्नी म्हनावं, कांदा आदी पाटावर ठिवा."

"मालक, काकी म्हणतात, कांदा आधी..."

तोवर कढई जळाली. पुन्हा सुरू.

"सायेब, त्यांस्नी म्हनावं, ताट आ..."

"मालक, काकी म्हणतात, ता..."

पुन्हा जळाली. गिऱ्हाईक पाय आपटत निघून गेलं. या गेममध्ये मध्यस्थाला जागाच नव्हती. काकी मला तिसऱ्यांदा 'सायेब' म्हणायला गेल्या, तेवढ्यात कढईतून धूर निघाला आणि त्या किंचाळल्या, "आवं, ताट आना की!"

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग गडबडून त्यांनी ताटाऐवजी टोमॅटो आणला.

"ह्ये ताट हाय व्हय? ताट कुटं असतंय ठावं न्हाई?"

"मला काय ठावं, हितं कुटं काय ठिवलंय!"

"हितलं जाऊंद्या. आपल्या घरात तरी ठावं हाय का?"

"मी परमुलखात व्हतो!"

"तर काय! आठ दिस यायचासा, पाव्हन्यावानी. गोडधोड खाऊन जायचासा. भांडायचं म्हनलं तरी सवड गावली न्हाई मला कवा!"

मालकांचा चेहरा खुलला. ते मला म्हणाले, "सायेब, ऐकलंसा? भांडत्यात!"

"त्यांस्नी काय सांगताय? मी हितं हाय!" काकी कडाडल्या.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाताना बघतो तर मालक स्वयंपाकघरात डोळे मिटून उभे. "ताटं डावीकडं खालच्या फळीवर. वाट्या तितंच. तेलाची किटली खिडकीत. डाळीचा डबा..." असं पुटपुटत होते. आठवड्याभरात त्यांना स्वतःचं घर पाठ झालं. गेममध्ये ताटं वेळेवर येऊ लागली. गिऱ्हाईक जेवून गेलं की नाणी पडत. मालक ती न कचरता उचलत. "ही आपल्या कष्टाची," म्हणत. भांडण मात्र रोज व्हायचं, आणि आता त्यात सासूच्या आजारपणापासून थोरलीच्या लग्नापर्यंत सगळं यायचं. कधी काकी रडायच्या आणि रडत रडत कांदा परतायच्या. मालक ऐकून घ्यायचे. मला कुणी काही विचारत नव्हतं. चहासुद्धा माझा मीच मागून घ्यायचो.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात आपट्याच्या पानांची जुडी येऊन पडली होती आणि दोघं हॉटेल चालवत होते. मालकांचा फोन वाजला. त्यावर भाच्याचं नाव होतं, काकींनी ते वाचलं.

"फोन वाजतोय," त्या म्हणाल्या.

"वाजूंदे."

"तुमचा भाचा हाय. उद्याचं इचारत आसंल."

फोन वाजून वाजून थांबला. तेवढ्यात काकींना कढई दिसली.

"आवं, जळतंय तिकडं! तुमचं ध्यान कुटं हाय?"

"तुज्याकडं," मालक म्हणाले.

काकींच्या हातातला दांडा मांडीवर पडला. पडद्यावर आधी कढई पेटली, मग तिच्या शेजारची चूल, मग सगळं स्वयंपाकघर. आचारी ज्वाळांमध्ये उभे, गिऱ्हाईकं पळून गेली. "मालक, आग! मालक, आग लागली!" मी ओरडत होतो, पण मालकांनी तिकडे बघितलं नाही.